समुद्रांतील माशांची शिरगणती

जमिनींतल्या पेवांत धान्य किती उरलें आहे हें तोंडाशीं उभें राहून सांगतां येत नाहीं. परंतु आंत उतरलेल्या गड्याला एक पाटी भरावयास गेल्या महिन्यांत किती वेळ लागत होता व आज किती लागतो, एवढें विचारलें म्हणजे घरधन्याला अंदाज बांधतां येतो. महासागरांतील माशांची शिरगणती करूं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनीं गेलीं सव्वाशें वर्षें हीच युक्ति वापरली आहे. माणसांची खानेसुमारी घरोघर हिंडून होते. माशाला घर नाहीं. तेव्हां मासेमारानें किती मासळी आणली आणि त्यासाठीं किती खटाटोप केला, या दोन आंकड्यांच्या भागाकारावरून पाण्याखालच्या सांठ्याचें अनुमान करावयाचें. भागाकार प्राथमिक शाळेंतला आहे. पण त्याच्यापायीं राज्यांचीं धोरणें चुकलीं आणि हजारों कुटुंबांचा रोजगार बुडाला.

या युक्तीचा उगम इंग्लंडांत झाला. १८६३ सालीं तेथील सरकारनें मासेमारीच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें. त्यांत टॉमस हक्सले हा डार्विनचा नामांकित कैवारी होता. बाजारांत येणारी मासळी वाढत आहे असें पाहून मंडळानें १८६६ सालीं निर्वाळा दिला कीं, मासे कमी होत नाहींत, सबब मासेमारांवरील निर्बंध काढून टाकावे. पुढें १८८३ सालीं लंडनच्या मत्स्यप्रदर्शनांत हक्सलेनें कॉड, हेरिंग इत्यादि माशांचे सांठे मनुष्याच्या हातून बहुधा सरणारे नाहींत, असें सांगितलें. एवढा मोठा पंडित. पण तीच मासळी आणावयास पूर्वीपेक्षां किती अधिक जहाजें लागतात, या प्रश्नाला त्यानें पुरेसें महत्त्व दिलें नाहीं.

तो प्रश्न वॉल्टर गार्स्टँग यानें १९०० सालीं नीट मांडला. शिडाची एक मासेमारी बोट हें त्यानें माप धरलें, आणि वाफेवर चालणारें एक जहाज म्हणजे अशा किती बोटी, याचा हिशेब केला. १८८९ ते १८९८ या दहा वर्षांत इंग्लंडच्या बंदरांवर उतरलेली तळची मासळी थोडीबहुत वाढली. पण पकडण्याची शक्ति त्याहून कितीतरी अधिक वाढली, आणि एका मापामागील मासळी जवळजवळ निम्म्यावर आली. पेव रिकामें होऊं लागलें होतें. पुढें १९१४ ते १९१८ च्या युद्धांत मासेमारी जहाजें सुरुंग वेंचण्याच्या कामीं गेलीं व उत्तर समुद्राला विसावा मिळाला. युद्धानंतर तींच जहाजें परतलीं, तेव्हां एकेका खेपेस पूर्वीहून कितीतरी अधिक मासा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतरही तोच अनुभव आला.

परंतु या हिशेबांत एक मेख आहे. मासेमार हा समुद्राची पाहणी करावयास जात नाहीं. तो मासा असेल तेथेंच जातो. ही मेख न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर फार महाग पडली. तेथील कॉडची पकड १९६८ सालीं ८ लाख टनांच्या घरांत पोंचली होती. १९७७ सालीं कॅनडानें दोनशें मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यांत घेतला, परदेशी जहाजें हटवलीं, आणि आतां कॉड वाढणार असें सर्वांनीं धरून चालविलें. मोठ्या ट्रॉलरांच्या नोंदवह्या त्याला दुजोरा देत होत्या, कारण त्यांची दर तासाची पकड कमी होत नव्हती. किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासे धरणारे लोक मात्र, मासा कमी येतो व लहान येतो, अशी तक्रार करीत होते. त्यांच्या बोलण्याला आंकड्यांचा पोशाख नव्हता, म्हणून तें फार दिवस कोणी मनावर घेतलें नाहीं. खरा प्रकार असा होता कीं, कॉड घटत गेला तसतसा तो थोड्या जागेंत एकत्र होऊं लागला, आणि ध्वनियंत्रें लावलेलीं जहाजें नेमकीं तेथें जाऊन जाळीं भरून आणूं लागलीं. पेवांतील उरलेलें धान्य एका कोपऱ्यांत गोळा व्हावें, आणि गड्यानें त्याच कोपऱ्यांतून शेवटपर्यंत भरभर पाट्या भराव्या, तशांतला हा प्रकार. १९८९ च्या सुमारास शास्त्रज्ञांना आपली चूक उमगली. २ जुलै १९९२ रोजीं सरकारनें कॉडची मासेमारी बंद केली, आणि तीस हजारांवर माणसें एका दिवसांत बेकार झालीं.

त्या वेळीं सेंट जॉन्स येथील सरकारी मत्स्यखात्यांत रॅन्सम मायर्स नांवाचा शास्त्रज्ञ होता. थंड पाण्यानें कॉड मेला हें म्हणणें त्याला पटलें नाहीं. बेसुमार मासेमारीनें तो संपविला, असें त्यानें जेफ्री हचिंग्स याच्यासह १९९४ सालीं लिहिलें. पुढें तो हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठांत गेला आणि त्यानें खुल्या महासागराकडे नजर वळविली. तेथें त्याच्या हातीं जपानी नोंदवह्या लागल्या. जपानी जहाजांवर युद्धानंतर घातलेली हद्द १९५२ सालीं उठली, तेव्हांपासून तीं लांब दोरांनीं ट्यूना धरीत जगभर हिंडलीं. असा दोर कित्येक मैल लांब असतो व त्याला दोन-तीन हजार गळ असतात. कोठें किती गळ टाकले व कोणते मासे किती लागले, याची नोंद होत असे. बोरिस वर्म याच्यासह मायर्सनें १५ मे २००३ रोजीं ‘नेचर’मध्यें निष्कर्ष छापला: महासागरांतील मोठे शिकारी मासे नव्वद टक्के नाहींसे झाले आहेत. आरंभीं शंभर गळांमागें दहाच्या आसपास मासे लागत, पुढें जेमतेम एक.

जगभर खळबळ उडाली, आणि वादही पेटला. कार्ल वॉल्टर्सचा आक्षेप असा कीं, जेथें कोणी गळ टाकलाच नाहीं त्या पाण्याचा हिशेब सरासरींत कसा धरला? जपानी जहाजें प्रथम सर्वांत समृद्ध जागीं गेलीं असणार. पॅसिफिकच्या ट्यूना-शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, १९७० नंतर कच्च्या माशाच्या बाजारासाठीं मोठ्या डोळ्यांचा ट्यूना धरावयाचा म्हणून दोर अधिक खोल सोडूं लागले. तेव्हां वरच्या थरांतील मासे गळाला कमी लागले तर नवल काय? टॉम पोलाचेक यानें २००६ सालीं हिंदी महासागराच्या नोंदींतला विरोध उघड केला. आरंभींच्या वर्षांत एकूण पकड थोडी असतां गळामागील मासा झपाट्यानें घटला, आणि पुढें पकड अनेक पटींनीं वाढली तेव्हां तो स्थिर राहिला! थोडक्या उपशानें विहीर आटावी आणि मोट लावल्यावर आटूं नये, असें कोठें घडतें?

मायर्स २००७ सालीं वयाच्या ५४ व्या वर्षीं वारला. नव्वदाचा आंकडा टिकला नाहीं. पण घट खोटी नव्हती. २०११ सालीं ट्यूना व त्याच्या भाऊबंदांच्या सांठ्यांची पाहणी झाली, तींत अर्धशतकांतील सरासरी घट साठ टक्के निघाली.

नोंदवहीच खोटी असेल तर काय, हा प्रश्न उरतोच. २००६ सालीं दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाच्या जपानी बाजाराची तपासणी झाली, तेव्हां कागदोपत्रीं धरलेल्याहून पुष्कळ अधिक मासा वर्षानुवर्षें विकला गेल्याचें आढळलें, व जपानचा वाटा निम्म्यावर आणण्यांत आला. त्याच माशाकरितां ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनीं मग नोंदवही बाजूस ठेवून वंशावळ हातीं घेतली. हजारों लहान-मोठ्या माशांचे मांसाचे कण तपासून त्यांत आईबाप व पोर अशा जोड्या किती सांपडतात हें त्यांनीं पाहिलें. समुद्रांत प्रौढ मासे जितके अधिक, तितक्या अशा जोड्या विरळा. त्यांना सुमारें ४५ जोड्या मिळाल्या, आणि त्यांवरून प्रौढ ट्यूना पूर्वींच्या अंदाजाहून अधिक असल्याचें दिसलें. न्यूफाउंडलंडच्या कॉडच्या मासेमारीवरील बंदी मात्र १९९२ नंतर बत्तीस वर्षें पुरती उठली नाहीं. २०२४ च्या जूनमध्यें ती मासेमारी पुन्हां उघडली, तेव्हां वर्षाची मर्यादा ठरली १८ हजार टन.