पाण्याकाठची आतषबाजी आणि नौकाप्रवाशांची सुरक्षितता

पाण्याकाठची आतषबाजी नौकेतून पाहताना धोका केवळ आकाशातून येत नाही. परतीचा प्रवासही तितकाच जोखमीचा असतो. १४ जानेवारी २०१७ रोजी पाटण्यात मकरसंक्रांतीच्या पतंग महोत्सवाहून परतणाऱ्यांची नौका गंगेत उलटून २०हून अधिक जणांचा मृत्यू झाला. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी होते.

आतषबाजीत पहिले महत्त्व अंतराला असते. अमेरिकेतील प्रचलित मानकानुसार, आकाशात फुटणाऱ्या गोळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे किमान ७० फूट अंतर राखले जाते. म्हणजे ६ इंची गोळ्यासाठी ४२० फूट. ठिणग्या वाऱ्यासोबत वाहत असल्याने वारा ज्या दिशेला जातो, त्या बाजूस नौका थांबवू नये. चंडीमंदिर छावणीजवळच्या, १९५८मध्ये निर्माण झालेल्या सुखना तलावात वल्ह्याच्या आणि पायाने चालवायच्या नौका असतात. अशा संथ नौकांना संकटात झटपट दूर जाता येत नाही. त्यामुळे आतषबाजीपूर्वीच त्या काठाला लावणे श्रेयस्कर.

प्रखर प्रकाशानंतर डोळ्यांना अंधार सरावण्यास वेळ लागतो. त्यामुळे नौकेवर दिवा आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे. दृश्य पाहण्यासाठी सर्वांनी एका बाजूस झुकल्यास नौका कलंडू शकते. पाण्यात तरंगणाऱ्या, न फुटलेल्या गोळ्यांना हात लावू नये, पोलिसांना कळवावे. कार्यक्रम संपताच घाई न करता, प्रवासी मोजूनच नौका सोडावी.