जत्रेतील भीतीचे खेळ

जत्रेतील भीतीचे खेळ म्हणजे यात्रा, जत्रा, सर्कस किंवा करमणूक उद्यान अशा ठिकाणी प्रेक्षकाला काही मिनिटे घाबरवून त्यातून आनंद देण्यासाठी मांडलेले पाळणे, कसरती व देखावे होत. आकाशपाळणा, जहाजपाळणा, मौत का कुआँ आणि भूतबंगला ही त्यांची महाराष्ट्रातील परिचित रूपे आहेत. या खेळांकडे येणारा प्रेक्षक बहुधा एकटा नसतो. आजी-आजोबा, आईवडील, शाळकरी मुले आणि कडेवरचे मूल असा सारा परिवार तिकिटाच्या एकाच खिडकीशी उभा असतो. म्हणून अशा खेळात भीती किती असावी, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांत या करमणुकीची परंपरा जुनी असून मराठी रंगभूमी आणि भारतीय सर्कस या दोहोंच्या आरंभाशी ती जोडलेली आहे.

पूर्वपीठिका

सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या पौराणिक नाटकांत राक्षसांचा प्रवेश हे मोठे आकर्षण असे. भडक रंगवलेले चेहरे, हातात तलवारी आणि कानठळ्या बसवणाऱ्या आरोळ्या अशा थाटात ही पात्रे येत. त्या आरोळ्यांवरूनच या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ नाटके असे थट्टेचे नाव पडले. याच रंगमंचावर विदूषकही वावरत असे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. राक्षसाने भरवलेली धडकी विदूषकाने हसवून उतरवायची, अशी सोय या नाटकांत आपोआपच झालेली होती.

सर्कशीचा धागाही याच भागातला. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत आपल्या सर्कशीचा प्रयोग केला. ही भारतीयांनी उभारलेली पहिली आधुनिक सर्कस मानली जाते. पुढे म्हैसाळ व तासगाव ही गावेही सर्कशीच्या धंद्यात नावारूपाला आली. सर्कशीतली भीती नाटकातल्या भीतीहून निराळ्या जातीची होती. नाटकातला राक्षस खोटा, पण पिंजऱ्यातला सिंह खरा आणि झुल्यावरून हात सुटला तर होणारी इजाही खरी. येथे प्रेक्षक स्वतःसाठी घाबरत नाही, तो दुसऱ्यासाठी घाबरतो.

या दुसऱ्या जातीच्या भीतीला कायद्याने हळूहळू वेसण घातली. केंद्र सरकारने १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह या प्राण्यांच्या खेळांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. सर्कशीत मुलांना कामाला लावण्यास २०११ मध्ये याच न्यायालयाने मनाई केली. प्रेक्षकांतले मूल टाळ्या वाजवत असताना रिंगणातले त्याच वयाचे मूल जीव धोक्यात घालत असे, हा विसंगतीचा भाग त्यामुळे संपला.

खेळांचे स्वरूप

आकाशपाळणा वरून खाली येऊ लागतो त्या क्षणी बसणाऱ्याला वजन हलके झाल्यासारखे वाटते आणि पोटात गोळा येतो. जहाजपाळण्यात हाच अनुभव प्रत्येक हेलकाव्याला मिळतो. जहाजाच्या दोन्ही टोकांची आसने सर्वांत उंच जातात, मधली सर्वांत कमी. म्हणून एकाच खेळात धीट माणसाला टोक आणि भित्र्याला मधली जागा निवडता येते. मौत का कुआँ या खेळात लाकडी फळ्यांच्या गोल भिंतीवर मोटारसायकल किंवा मोटार आडवी धावते. वेगामुळे चाके भिंतीवर दाबली जातात आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण वाहनाला खाली घसरू देत नाही. प्रेक्षक वरच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहतात. सर्कशीच्या झुल्याप्रमाणेच ही दुसऱ्यासाठी वाटणारी भीती होय.

भूतबंगल्याची रीत या सर्वांहून वेगळी आहे. अंधार, एकदम होणारा आवाज, तोंडावर येणारा वाऱ्याचा झोत, वळणावर लोंबणारा सांगाडा आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेला माणूस एवढ्या सामग्रीवर तो चालतो. जत्रेतल्या पाळण्यांचा एक मोठा गुण असा की ते उघड्यावर असतात. पाळणा किती उंच जातो, किती जोरात फिरतो, आतली माणसे हसतात की रडतात, हे तिकीट काढण्याआधीच दिसते. रांगेत उभे असलेले मूल दोन फेऱ्या पाहून स्वतःच हो किंवा नाही म्हणते. भूतबंगल्यात ही सोय नाही. बाहेरच्या फलकावर रंगवलेला राक्षस कितीही उग्र असला तरी आत काय आहे ते कळत नाही आणि न कळणे हाच त्याचा माल असतो. कुटुंबासाठी असलेल्या खेळांत जी तक्रार होते ती बहुतेक वेळा अशा बंदिस्त खेळांबद्दल होते, याचे कारण येथे आहे.

पाटण परिसरातील यात्रा

पाटण तालुक्यात बनपुरी येथील नाईकबाची चैत्रातील यात्रा आणि चाफळचा रामनवमी उत्सव प्रसिद्ध आहेत. शेजारच्या कराड तालुक्यात पालच्या खंडोबाची पौषातील यात्रा आणि खटाव तालुक्यात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा यांना मोठी गर्दी लोटते. मोठ्या यात्रांत देवदर्शन, बाजार आणि पाळणे यांची जागा एकमेकांना लागून असते. पाळणेवाले एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत जातात. त्यामुळे तोच पाळणा एका हंगामात अनेकदा उकलला आणि जोडला जातो.

कोयनेच्या खोऱ्यातील पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेली आहेत आणि गावच्या यात्रेला ती आवर्जून येतात. खोपोलीजवळ २०१३ मध्ये उघडलेल्या इमॅजिकासारखे उद्यान पाहिलेले मूल आणि आयुष्यात पहिल्यांदा पाळण्याजवळ गेलेले त्याचे चुलत भावंड यात्रेत एकाच रांगेत येतात. मुंबईकर भावंडाच्या चिडवण्यामुळे गावाकडचे मूल मनाविरुद्ध पाळण्यात बसते, आणि कधीकधी याच्या अगदी उलटही घडते.

मुलांची भीती

लहान मुले कशाला घाबरतात यावर अमेरिकेतील संशोधक जोआन कँटर यांनी दीर्घकाळ काम केले. साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांना एखादी गोष्ट कशी दिसते याची भीती अधिक वाटते; मोठ्या मुलांना ती खरोखर घडू शकते का, याची. दूरचित्रवाणीवरील हल्क या पात्राच्या अभ्यासात हा फरक स्पष्ट दिसला. हल्क सज्जनांच्या मदतीला धावतो हे मोठ्या मुलांना ठाऊक होते, पण छोट्यांना त्याचे हिरवे, अवाढव्य रूपच भिववून गेले. यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. ‘अरे, ते खोटं आहे’ असे सांगून सात-आठ वर्षांच्या पुढचे मूल सावरते. चार वर्षांच्या मुलाला त्या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याला कुशीत घेणे, डोळे झाकू देणे किंवा तेथून बाहेर नेणे हेच उपाय चालतात. बागुलबुवाच्या नावाने जेवू घातल्या जाणाऱ्या मुलांच्या घरांत हे अनुभवाने माहीत असतेच.

मोठ्यांच्या बाबतीत डेन्मार्कमधील एका भूतबंगल्यात झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी आत जाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले व त्यांना आनंद किती झाला ते विचारले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार फार थोडी भीती कंटाळवाणी ठरते आणि फार जास्त भीती नकोशी होते. सर्वाधिक आनंद मधल्या टप्प्यावर मिळतो. हा मधला टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो. एका कुटुंबातल्या पाच जणांना एकच मात्रा देणारा खेळ म्हणूनच त्यांपैकी एक-दोघांना तरी चुकीची मात्रा देतो.

डिस्नेचा अनुभव

कुटुंबासाठी भीती बेतण्याचा सर्वांत जास्त नोंदलेला अनुभव अमेरिकेतील डिस्ने उद्यानांचा आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६९ मध्ये उघडलेल्या हाँटेड मॅन्शन या भूतबंगल्याच्या रचनेवेळी दोन कलाकारांत मतभेद होते. क्लॉड कोट्स यांचा ओढा गूढ, उदास वातावरणाकडे होता, तर मार्क डेव्हिस यांना गमतीदार भुते हवी होती. शेवटी पहिला भाग गंभीर आणि पुढचा भाग भुतांच्या मेजवानीचा व नाचगाण्याचा, अशी वाटणी झाली. प्रेक्षक बाहेर पडताना हसत पडतो. भाव्यांच्या राक्षस-विदूषक जोडीशी या रचनेचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे.

उलट उदाहरण फ्लोरिडातले. तेथील मॅजिक किंगडम या मुख्यतः लहान मुलांच्या उद्यानात १९९५ मध्ये एलियन एन्काउंटर हा खेळ सुरू झाला. प्रेक्षकांना आसनाशी अडकवून मिट्ट काळोखात ठेवले जाई आणि सुटलेला परग्रहावरील प्राणी मानेमागे श्वास घेत असल्याचा भास निर्माण केला जाई. कसरतीच्या दृष्टीने खेळ उत्तम होता, पण त्यातून निघून जाता येत नव्हते आणि डोळे मिटूनही सुटका नव्हती. बाहेर इशारे लिहूनही मुले रडत बाहेर येत. २००३ मध्ये तो बंद करून त्या जागी स्टिच या कार्टून पात्राचा सौम्य खेळ आणण्यात आला.

दिसणारा आणि खरा धोका

चांगल्या खेळात धोका दिसतो पण नसतो. वाईट खेळात तो असतो पण दिसत नाही. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील लोलकासारखा हेलकावणारा पाळणा जुलै २०१९ मध्ये तुटून दोघांचा मृत्यू झाला. राजकोटमधील एका गेम झोनला मे २०२४ मध्ये लागलेल्या आगीत २५ हून अधिक माणसे दगावली व त्यांत लहान मुलेही होती. तेथे कोणी कोणाला घाबरवत नव्हते. भूतबंगल्यांना आगीचा धोका विशेष असतो, कारण कापड, प्लायवूड, अंधार आणि अरुंद वळणे यांवरच तो उभा असतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ११ मे १९८४ रोजी हाँटेड कॅसल या भूतबंगल्याला आग लागून आठ किशोरवयीन मुले मृत्युमुखी पडली. सातारा जिल्ह्यात तर पाळण्यांशी संबंध नसलेल्या गर्दीचाच भीषण अनुभव आहे: २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या काळूबाई यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे २९० भाविकांचा बळी गेला.

पाळण्याजवळ लावलेली उंचीची पट्टी ही धीटपणाची परीक्षा आहे, असा समज मुलांत आणि पालकांतही आढळतो. तिचा संबंध शरीराच्या मापाशी आहे. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरचा पट्टा ठरावीक मापाच्या शरीरालाच धरून ठेवतो. यात्रेत पालक मुलाला मांडीवर घेऊन बसतात तेव्हा दांडा पालकाच्या मांडीवर टेकतो आणि मूल मोकळेच राहते. पालकाच्या हातांची पकड झटक्यापुढे टिकत नाही. मूल हसत आहे म्हणून ते सुरक्षित आहे, असे होत नाही.

नियमन

महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवानगी देण्याचे व अटी घालण्याचे अधिकार १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दिलेले आहेत. पाळण्यांच्या बांधणी व देखभालीसाठी भारतीय मानक ब्युरोची मानकेही आहेत. या तरतुदी यंत्र, वीज, आग आणि गर्दी यांच्याशी संबंधित आहेत. खेळ किती भीतिदायक असावा हे चित्रपटांप्रमाणे ठरवणारे प्रमाणपत्र जत्रेतील खेळांना लागत नाही. तो निर्णय खेळवाला आणि पालक यांच्यावर सोडलेला आहे.

मोठ्या उद्यानांत खेळांची सौम्य, मध्यम व थरारक अशी वर्गवारी फलकावर लिहिलेली असते. इमॅजिकात सलीमगढ हा भुताटकीचा खेळ आणि पाय अधांतरी ठेवणारा नायट्रो हा रोलर कोस्टर लहान मुलांच्या पाळण्यांपासून वेगळे ओळखता येतात. ही वर्गवारी उपयोगी असली तरी अपुरी आहे, कारण ‘थरारक’ या एका शब्दात वेग, उंची, अंधार आणि भूत हे सारे कोंबले जाते. उंचीला न भिणारे मूल अंधाराला भिऊ शकते. आत काळोख आहे का, अचानक मोठा आवाज होतो का, कोणी अंगाला हात लावते का आणि मधूनच बाहेर पडता येते का, या चार गोष्टी मराठीत ठळक लिहिलेला फलक भूतबंगल्याच्या दारावर लावायला फार खर्च येत नाही. काही खेळवाले दारात मूल रडू लागले की पैसे परत देऊन त्याला मागे पाठवतात. आतून रडण्याचा आवाज आला की दिवा लावण्याची रीतही काही ठिकाणी आहे.