‘इब्नुल कुतुब’ : इमाम सुयूती आणि त्यांची ग्रंथसंख्या

मराठीत भरमसाट लिहिणाऱ्यांची गोष्ट निघाली की बाबूराव अर्नाळकरांचे नाव येतेच. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. अरबीत हाच मान इमाम जलालुद्दीन सुयूतींचा. त्यांच्या ग्रंथांची मोजदाद करणाऱ्यांपैकी काहींनी आकडा पाचशेच्या आसपास ठेवला, तर काहींनी तो नऊशेच्या वर नेला. एका माणसाच्या हातून एवढे झाले कसे, आणि त्यातले त्याचे स्वतःचे किती? हा प्रश्न सुयूतींच्या हयातीतच कैरोत उघडपणे विचारला गेला होता, आणि तोही सभ्य शब्दांत नव्हे.

सुयूतींचा जन्म कैरोचा, १४४५ चा. वडील विद्वान होते. त्यांनी बायकोला एक ग्रंथ आणायला सांगितले, आणि ग्रंथांच्या ढिगातच तिला कळा येऊन मूल जन्मले, म्हणून त्याला ‘इब्नुल कुतुब’, म्हणजे ग्रंथांचा पुत्र, म्हणत. ही हकिकत खरी असो वा नसो, ती आपल्यापर्यंत आली ती अहमदाबादच्या अब्दुल कादिर अल-ऐदरूस यांच्या चरित्रग्रंथातून, म्हणजे थेट हिंदुस्थानातून. मूल सहा वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. पुढे या मुलाने ज्यांच्याकडून हदीस ऐकली त्या गुरुजनांत बऱ्याच स्त्रिया होत्या. आज हे सांगितले की काही मंडळींच्या भुवया उंचावतात, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आपल्या मदरशांत शिकवली जाणारी ‘तफसीरे जलालैन’ ही दोन जलालांची आहे. पहिले जलालुद्दीन महल्ली. ते १४५९ मध्ये काम अर्ध्यावर टाकून वारले. उरलेला अर्धा भाग सुयूतींनी पुरा केला, तेव्हा ते विशीच्या आसपास होते. लागलेली मुदत त्यांनीच सांगून ठेवली आहे : चाळीस दिवस. दाऊदी नावाच्या त्यांच्या शिष्याने उस्तादांना एका दिवसात तीन ‘कुर्रासा’ लिहून हातावेगळ्या करताना पाहिले होते. कुर्रासा म्हणजे घडी घातलेल्या कागदांची जुडी, साधारण दहा पानांची. असा वेग त्यांच्या आधीही झाला होता. इतिहासकार तबरी (मृत्यू ९२३) यांच्या नावावर रोज चाळीस पाने, आणि तीही चाळीस वर्षे, असा हिशेब सांगतात.

पण ग्रंथ म्हणायचे कशाला? सुयूतींच्या यादीत कुराणविद्येची ऐंशी प्रकरणांत मांडणी करणारा ‘अल-इत्कान’ आहे आणि एका प्रश्नाचे उत्तर देणारी चार-सहा पानांची रिसालाही आहे. दोन्हींची गणती एकेकच. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. आत्मचरित्रात त्यांनी आपल्याच ग्रंथांचे सात वर्ग पाडले. ज्यांना तोड नाही असे त्यांना वाटले ते अवघे अठरा. शेवटच्या वर्गात सुरू करून सोडून दिलेले. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी आकडा तीनशे दिला आणि लगेच जोडले, की धुऊन टाकलेले यात धरलेले नाहीत. शाई धुऊन लेखन रद्द करण्याची तेव्हा रीत होती. सुयूती गर्विष्ठ होते, नवव्या हिजरी शतकाचे मुजद्दिद आपणच अशी त्यांची भावना होती. तरीही भारंभार संख्येवर भाळणाऱ्या भक्तांपेक्षा त्यांचा स्वतःचा हिशेब अधिक कडक आहे.

आरोप केला तो शम्सुद्दीन सखावींनी (१४२७–१४९७). तेही मोठे हदीसवेत्ते आणि स्वतः भरपूर लिहिणारे. त्यांचे म्हणणे असे, की महमूदिया मदरशाच्या कुतुबखान्यातले जुने, लोकांना फारसे माहीत नसलेले ग्रंथ हा माणूस घेतो, थोडी उलटापालट करतो आणि आपल्या नावावर खपवतो. या कुतुबखान्याच्या वक्फनाम्यात अट होती की एकही ग्रंथ बाहेर नेऊ नये. सुयूतींनी तिथले ग्रंथ उसने नेता येतात असे प्रतिपादणारी एक रिसालाच लिहिली! सखावींनाही त्यांनी सोडले नाही. त्यांच्यावर लिहिलेल्या मकाम्याच्या नावातच ‘डाग देणारा’ असा शब्द आहे.

माझ्या मते सखावी अर्धे बरोबर होते. सुयूतींचे बहुतेक लेखन संकलन आहे, यात शंका नाही. पण संकलन आणि चोरी यांतली सीमारेषा सुयूतींनीच आखली. ज्ञान ज्याचे त्याच्या नावे सांगण्यातच त्याची बरकत असते, असे भाषाशास्त्रावरच्या ‘अल-मुझहिर’मध्ये ते बजावतात, आणि तो ग्रंथ चाळला तर पानोपानी मूळ ग्रंथकाराचे नाव सापडते. त्यांच्या लेखनातून कुणी न सांगता उचलले तेव्हा ‘ग्रंथकार आणि चोर यांतला भेद’ अशा अर्थाच्या नावाची रिसाला लिहून त्यांनी त्याला झोडपले. कस्तलानींवरही त्यांचा हाच राग. असे सांगतात की कस्तलानी माफी मागायला अनवाणी, उघड्या डोक्याने कैरोहून नाईलमधल्या रौदा बेटावर चालत गेले. आतून आवाज आला, मन साफ झाले. दार मात्र उघडले नाही.

अध्यापन आणि फतवे सोडून सुयूती चाळिशीनंतर याच बेटावर लिहीत राहिले, आणि १५०५ मध्ये तिथेच वारले. बारा वर्षांनी, १५१७ मध्ये, उस्मानी सुलतान सलीमने कैरो घेतले. शहरातल्या मदरशांचे ग्रंथ नेले गेले, त्यात महमूदियाचेही होते, असे तेव्हाचा इतिहासकार इब्न इयास लिहितो. ‘अल-मुझहिर’मध्ये उतारे असलेले काही जुने ग्रंथ आज कुठेच मिळत नाहीत. त्यांच्या लेखकांचे जे काही उरले आहे ते सुयूतींनी नावानिशी उतरवून घेतलेल्या या ओळींत आहे.