गहू कोणी सोडावा? एका पथ्याचा इतिहास



हल्ली कुठल्याही समारंभात "मी ग्लूटेन सोडलंय" असं सांगणाऱ्या दोन-चार जणी भेटतातच. कोणाचं वजन उतरलं, कोणाचं पोट हलकं झालं, कोणाचं डोकं दुखायचं थांबलं. दुसरीकडे आपल्या वयाच्या बायका म्हणतात, "आमच्या सासूबाई नव्वद वर्षं पोळी खाऊन ठणठणीत होत्या, ही सगळी नवी थेरं!" मग खरं काय? फॅड की गरज?

माझं उत्तर आधीच सांगते. दोन्ही. थोड्या माणसांसाठी गहू सोडणं हे औषध आहे, तेही जन्मभराचं आणि कणाचीही सूट नसलेलं. बाकीच्या बहुतेकांसाठी ती फॅशन आहे. आणि या फॅशनचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो त्या थोड्या माणसांनाच. हे कसं, ते समजायला या पथ्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

आधी ग्लूटेन म्हणजे काय ते पाहू. कणकेचा घट्ट गोळा नळाखाली धरून चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जातं, तो स्टार्च. हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, ते ग्लूटेन. पोळी लाटताना फाटत नाही आणि पाव फुगतो तो याच्यामुळे. गव्हाखेरीज जव आणि राय या धान्यांत याच जातीची प्रथिनं असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा, वरई यांत ती नसतात. म्हणून ज्वारीची भाकरी थापायला कसब लागतं!

आजार जुना, कारण नवं

पोटाचा हा आजार आजचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ॲरेटियस या ग्रीक वैद्याने त्याचं वर्णन केलं होतं. ग्रीक भाषेत पोटाला 'कोइलिया' म्हणतात, त्यावरूनच आजचं 'सीलिॲक' हे नाव आलं. पुढे १८८७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. सॅम्युअल गी यांनी यावर व्याख्यान दिलं आणि ते १८८८ मध्ये छापून आलं. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, चेहरा पांढराफटक, सतत जुलाब, वाढ खुंटलेली, अशी ती लहान मुलं. बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच होईल, हे गी यांनी नेमकं ओळखलं. पण त्याच मुलांना पावाचे पातळ काप दोन्ही बाजूंनी चांगले भाजून द्यायला त्यांची हरकत नव्हती. दुखणं ताटात आहे हे कळलं, पण ताटातल्या कोणत्या पदार्थात आहे ते नाही कळलं.

मग आली केळी. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा आठ मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि ती सुधारली. पाव, बिस्किटं, बटाटे आणि सगळी धान्यं बंद. हा उपचार पुढे कित्येक वर्षं चालला. बटाट्याऐवजी कच्चं केळं वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना वाचून बरं वाटेल, पण खरी मेख पुढे आहे. केळ्यात काही खास गुण आहे आणि त्यानेच मूल कायमचं बरं होतं, अशी हास यांची ठाम समजूत होती. वास्तविक मुलं सुधारली ती पाव बंद झाल्यामुळे. पण 'बरं झालं' असं मानून त्यातली काही पुन्हा पाव खाऊ लागली आणि आजार परतला.

मैत्रिणींनो, ही केळ्यांची गोष्ट लक्षात ठेवा. आराम खरा, पण कारण चुकीचं. आजच्या ग्लूटेनच्या गोंधळाची किल्ली याच गोष्टीत आहे.

एका आईचं निरीक्षण आणि एक भुकेला हिवाळा

खरं कारण सापडलं ते हॉलंडमध्ये. हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके १९३० च्या दशकापासून गव्हावर संशय घेत होते. सांगतात की, एका तरुण आईने त्यांना म्हटलं होतं, "पाव बंद केला की माझ्या बाळाच्या अंगावरचं पुरळ जातं." आईचं बोलणं 'काहीतरीच' म्हणून झटकून न टाकणारा हा डॉक्टर, म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं.

मग महायुद्ध आलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली. लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा उकडून खाल्ले आणि सुमारे २०,००० माणसं भुकेने गेली. त्या दिवसांत पाव मिळेनासा झाल्यावर सीलिॲकची मुलं उलट बरी राहिली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली, असं सांगितलं जातं. गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. पण डिके यांचं मोठेपण गोष्टीत नाही, त्यांनी नंतर मांडलेल्या हिशेबात आहे. मी कॉमर्सची, म्हणून मला तो भाग जास्त आवडतो.

एकाच मुलाला काही काळ गहू द्यायचा, काही काळ बंद करायचा आणि वजन-उंचीची नोंद ठेवायची. शरीरात न मुरता शौचावाटे किती चरबी बाहेर पडते, ते मोजायची पद्धत व्हान डी कामर या रसायनतज्ज्ञांनी बसवली होती. म्हणजे पोटात किती जमा आणि बाहेर किती खर्च, याची सरळ खतावणी! गहू आला की ताळेबंद बिघडायचा, तांदूळ-मका दिला की जुळायचा. १९५० मध्ये डिके यांचा प्रबंध आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत हॉलंड आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की दोष गव्हाच्या स्टार्चचा नाही, धुतल्यावर हातात उरणाऱ्या त्या चिवट ग्लूटेनचा आहे.

१९५० च्या दशकातच लहान आतड्याचा बारीक तुकडा तोंडावाटे नळी घालून काढायची सोय झाली. निरोगी आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, ती अन्न शोषून घेते. या रुग्णांची लव झडून सपाट झालेली दिसली. ग्लूटेन आलं की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उठते. खाल्लेलं अंगी लागत नाही ते यामुळे. आता रक्ताच्या तपासणीवरूनही अंदाज येतो.

आपल्याकडे काय?

बरीच वर्षं हा 'गोऱ्यांचा आजार' समजला जायचा. १९६० च्या दशकात आपल्या डॉक्टरांनी इथल्या रुग्णांबद्दल लिहायला सुरुवात केली. २०११ मध्ये दिल्ली परिसरात लोकांमध्ये जाऊन केलेल्या पाहणीत साधारण १०० माणसांमागे एकाला हा आजार आढळला. २०१६ मध्ये देशाच्या तीन भागांची तुलना छापून आली. उत्तरेत प्रमाण शेकडा १ च्या थोडं वर, तर दक्षिणेत हजारात १. या आजाराला पोषक जनुकं तिन्ही भागांत साधारण सारखीच होती. फरक होता तो मुख्यतः ताटातल्या गव्हाचा.

आपल्या आजीच्या काळी घाटावर रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची, आणि गहू सणाच्या पुरणपोळीपुरता. रोजची पोळी घरोघर आली ती नंतर. त्यामुळे "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे अर्धंच खरं. आजार ओळखणारी तपासणी नव्हती, आणि अनेक घरांत रोजचा गहूही नव्हता.

फॅड कुठून आलं?

२०११ मध्ये अमेरिकेत डॉ. विल्यम डेव्हिस यांचं गव्हाच्या विरोधातलं पुस्तक गाजलं. त्याच वर्षी टेनिसपटू नोव्हाक जोकोविचने तीन ग्रँड स्लॅम जिंकली आणि त्याने ग्लूटेन सोडल्याची बातमी जगभर झाली. मग काय, दुकानांत पाट्या लागल्या.

ज्यांना सीलिॲक नाही पण गहू खाल्ला की पोट फुगतं, त्यांचं काय? त्यांचा त्रास खोटा नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांना २०११ मध्ये वाटलं की यांनाही ग्लूटेनच बाधतं. पण त्यांनीच प्रयोग आणखी काटेकोर केला. अशा ३७ जणांच्या आहारातून आधी पोटात आंबणाऱ्या काही साखरा काढल्या, मग कोणाला न सांगता ग्लूटेन दिलं. २०१३ च्या त्या निष्कर्षात ग्लूटेनचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या ५९ जणांच्या प्रयोगात ग्लूटेनपेक्षा 'फ्रुक्टन'ने जास्त त्रास झाला. हे फ्रुक्टन गव्हात असतं, आणि कांदा-लसणातही भरपूर असतं! आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण नाही, म्हणजे अर्धा फ्रुक्टन आपण आधीच दाराबाहेर ठेवला आहे.

आता केळी आठवा. एखादी 'ग्लूटेन' सोडते म्हणजे प्रत्यक्षात काय सोडते? पाव, बिस्किटं, केक, समोसे, नूडल्स. मैदा, साखर आणि तळण एकदम बंद झालं तर कोणालाही हलकं वाटेलच. आराम खरा, पण कारण दुसरंच.

"पूर्वीचा गहू चांगला होता, नव्या गव्हात ग्लूटेन वाढवलंय" असंही ऐकू येतं. अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या गव्हाच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात असा वाढीचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. आणि आपला सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू? खिरीला उत्तम, फायबरही चांगलं, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. सीलिॲकच्या माणसाला 'खपली चालतो' म्हणून वाढू नका.

फॅडचा भुर्दंड कोणाला?

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं आठच्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर-मनुका झाल्या, "खात नाही नीट" ही बोलणीही झाली. सव्विसाव्या वर्षी सीलिॲक निघाला. गहू बंद केल्यावर सहा महिन्यांत तिच्या गालांवर रंग आला. पण लग्नानंतर सासरी काय ऐकावं लागलं? "आजकालच्या मुलींची फॅशन! घासभर पोळीने काय होतंय?"

याचा हिशेब मांडून बघा. मध्यम पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते. त्यात दोन-अडीच ग्रॅम तरी ग्लूटेन. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेलं तरी अशा रुग्णाच्या आतड्याला इजा होऊ शकते, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे पोळीचा चाळीसावा-पन्नासावा तुकडा! 'घासभर' ही गोष्टच तिथे नाही. फॅशनवाल्या दहा जणी रविवारी "आज चालतं" म्हणत केक खातात, आणि मग अकरावीचं "मला अजिबात चालत नाही" कोणी खरं मानत नाही.

म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली, तपासणीआधी गहू सोडू नका. गहू बंद असताना केलेली रक्ततपासणी ठीक दिसू शकते आणि खरा आजार लपतो. न हटणारा ॲनिमिया, सततचे जुलाब, मुलांची खुंटलेली वाढ, घरात आधीच कोणाला सीलिॲक असणं, असं काही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

दुसरी, आजार नसेल तर महागडी 'ग्लूटेन-फ्री' पाकिटं आणू नका. त्यांत पुष्कळदा बटाट्याचा स्टार्च असतो, केक-पावात अंडं असतं. आपल्याला दोन्ही चालत नाही. बदल हवा तर ज्वारी, बाजरी, नाचणी घरात आहेच.

तिसरी, आजार असेल तर लपलेला गहू शोधा. बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि आपल्या फोडणीत हिंग तर रोजचाच. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो पाहून घ्या. थालीपीठाची भाजणी, कुरडया, शेवया, सोया सॉस, सगळीकडे गहू आहे. गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली तर ती ज्वारीही गेली. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नका. तवा, पोळपाट, डबा वेगळा ठेवा. आयंबिल करायचं असेल तर खाकऱ्याऐवजी भात आणि मूग.

चौथी गोष्ट मनाची. आपल्याकडे कोणाचा चौविहार असेल, कोणी तिथीला हिरवी भाजी घेत नसेल, तर आपण "थोडं घ्या हो, काय होतंय" असा आग्रह करत नाही. उलट नियम मोडू नये म्हणून वेगळं पातेलं ठेवतो, सूर्यास्ताआधी ताट वाढतो. पथ्याचा मान राखणं आपल्याला कोणी शिकवायला नको. नियम आपण स्वतः घेतलेला असतो, हिचं पथ्य तर शरीराने लादलेलं आहे. मग सुनेच्या किंवा जावेच्या मुलीच्या पथ्याला नियमाएवढा तरी मान द्यायला काय हरकत आहे?

ज्याला गरज आहे त्याच्या ताटात गव्हाचा कण जाऊ नये, आणि ज्याला गरज नाही त्याने पोळीला उगाच दोष देऊ नये. तुमच्या घरी किंवा नात्यात असं पथ्य कोणी पाळत असेल तर त्यांच्यासाठी काय काय करता ते जरूर लिहा. विशेषतः पर्युषणात चालतील असे पदार्थ कळवा, सगळ्यांच्याच उपयोगी पडतील.

जय जिनेंद्र!