साथीचे दिवस आणि दाटीची शाळा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे सारे आयुष्य शाळेच्या भिंतींत गेले. म्हणून आजचा विषय शाळेचाच घेतला आहे. मी जन्मभर मराठी शिकविले. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु २०२० च्या मार्च महिन्यात आपल्या शाळांना कुलपे लागली, आणि येथे कर्नाटकात पहिली ते पाचवीच्या वर्गांची कुलपे निघण्यास २५ ऑक्टोबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला. त्या दीड वर्षात ‘शाळा उघडावी की बंद ठेवावी’ एवढाच वाद आपण घातला. इतिहास चाळू लागलो तेव्हा हा प्रश्नच अपुरा आहे, असे माझ्या ध्यानी आले. तेवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

‘शाळा’ या शब्दापासून आरंभ करतो. संस्कृतातील ‘शाला’ म्हणजे घर, दालन, छपराखालची जागा. गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा हे शब्द त्याच कुळातले. ‘पाठशाळा’तील पाठ बोलण्यात गळला आणि नुसती शाळा उरली. एरवी शाळा म्हटले की आपल्याला शिक्षण आठवते. साथीच्या दिवसांत मात्र शब्दाचा मूळ अर्थ पुढे येतो. जागा कशी, माणसे किती आणि वारा कोठून येतो, हे प्रश्न तेव्हा अभ्यासक्रमाहून मोठे ठरतात.

आता शंभराहून अधिक वर्षे मागे, न्यूयॉर्क शहरात जाऊ. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची महाभयंकर साथ अमेरिकेत पसरली. एकामागून एक शहरांनी शाळा बंद केल्या. बंद न करणाऱ्या मोठ्या शहरांत न्यूयॉर्क आणि शिकागो ही दोन ठळक नावे होती. न्यूयॉर्कच्या शाळांत तेव्हा सुमारे दहा लाख मुले होती, आणि त्यांतील बहुसंख्य मुले दाटीच्या चाळवजा इमारतींत राहत होती. ज्या खोलीत उजेड नाही, वारा नाही, आणि एका अंथरुणावर तिघे-चौघे निजतात, तेथे शाळा बंद करून मुलाला पाठविणे म्हणजे त्याला सुरक्षित ठेवणे होते काय? शहराचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांनी या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे दिले. शाळांच्या इमारती घरांहून मोठ्या, स्वच्छ आणि हवेशीर आहेत, आणि तेथे मुलावर रोज कोणाची तरी नजर असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. सारा जोसेफिन बेकर याही याच मताच्या होत्या. कोपलंड यांच्यावर कडक टीका झाली. टीकाकारांत शहराचे एक माजी आरोग्य आयुक्तही होते.

शाळा उघड्या ठेवल्या म्हणजे नेहमीसारख्या चालविल्या, असे मात्र नव्हे. मुलांनी आवारात घोळका न करता थेट आपल्या वर्गात जावे, असा नियम होता. शिक्षक रोज सकाळी प्रत्येक मुलाकडे निरखून पाहत. खोकला, ताप, डोळ्यांची लाली दिसली की मुलाला बाजूला बसवीत. मग आरोग्य खात्याचा माणूस त्याला घरी पोहोचवी आणि त्या घरात रुग्णाला वेगळे ठेवण्याजोगी जागा आहे की नाही ते पाही. जागा नसेल तर रुग्णालयाची व्यवस्था होई. सुटी झाल्यावर मुलांनी रस्त्यात न रेंगाळता घरी जावयाचे. याशिवाय दुकाने, कचेऱ्या व नाट्यगृहे यांच्या वेळा मागेपुढे करून रस्त्यावरची आणि आगगाड्यांतली गर्दी विभागली गेली.

ही व्यवस्था एका महिन्यात उभी राहिली नव्हती. येथेच या इतिहासाचे मर्म आहे. १८९७ पासून त्या शहरात शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी होत होती. प्रारंभी तिचे स्वरूप असे की, डोळ्यांचा किंवा त्वचेचा सांसर्गिक रोग दिसला की मुलाला घरी धाडावयाचे. उपचार कोणीच करीत नसे. सकाळी वर्गाबाहेर काढलेले मूल संध्याकाळी त्याच वर्गमित्रांशी गल्लीत खेळत असे. १९०२ मध्ये लिलियन वाल्ड यांच्या प्रेरणेने लीना रॉजर्स नावाची परिचारिका चार शाळांत नेमण्यात आली. ती शाळेतच मलमपट्टी करी, घरी जाऊन आईला समजावून सांगे. सप्टेंबर १९०२ मध्ये वर्गाबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. परिचारिकांची संख्या वाढल्यावर सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली. पुढे १९०८ मध्ये बेकर यांच्या हाताखाली बालआरोग्याचा स्वतंत्र विभागच स्थापन झाला.

इमारतींचेही तसेच. सी. बी. जे. स्नायडर हे १८९१ पासून त्या शहराच्या शालेय इमारतींचे प्रमुख वास्तुशिल्पी होते. जागा महाग आणि शेजारी उंच इमारती, अशा अडचणीत त्यांनी इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या शाळा बांधल्या. मधल्या दोन मोकळ्या चौकांमुळे वर्गांना उजेड आणि वारा मिळे. १९०८ मध्येच प्रॉव्हिडन्स या शहरात क्षयाच्या धास्तीत वाढणाऱ्या मुलांसाठी उघड्या हवेची शाळा निघाली. थंडीच्या दिवसांत मुले उबदार पिशव्यांत पाय घालून शिकत. म्हणजे १९१८ ची साथ आली तेव्हा खिडकी तयार होती, परिचारिका तयार होती, आणि घराघराचा परिचयही होता. कोपलंड यांचे धाडस या तयारीच्या पायावर उभे होते.

या धोरणाचे यश किती, याविषयी संयमाने बोलले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये त्या साथीत वीस हजारांहून अधिक माणसे दगावली. लोकसंख्येच्या मानाने तेथील मृत्यू बॉस्टन आणि फिलाडेल्फिया यांच्याहून कमी होते, हे खरे. पण त्याचे श्रेय उघड्या शाळांना द्यावे, असा पुरावा नाही. अनेक पालकांनी भीतीपोटी मुले घरी ठेवली होती, हेही विसरता येत नाही. शिवाय करोनाचा रोग वेगळा. लक्षणे दिसण्यापूर्वीच तो पसरतो. म्हणून शिक्षकाच्या नुसत्या नजरेने तो पकडला जात नाही. त्याच न्यूयॉर्कला २०२० मध्ये शाळा उघडण्याची तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली. वर्गावर्गातील हवेची तपासणी करून, मुलांना आळीपाळीने बोलावून सप्टेंबरअखेर प्राथमिक शाळा सुरू झाल्या. १९ नोव्हेंबरला पुन्हा बंद झाल्या आणि ७ डिसेंबरपासून लहान मुलांसाठी पुन्हा उघडल्या. काळ बदलला, रोग बदलला, तरी वारा, विभागलेली गर्दी आणि नित्य तपासणी हे तीन आधार टिकून राहिले.

आता आपल्याकडे वळू. साथीत शिक्षकाने पुढे होणे आपल्या परंपरेला परके नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो, आणि व्हावेच. पण त्यागाची थोरवी गाताना व्यवस्था उभारण्याचे आपण विसरलो. न्यूयॉर्कची परिचारिका पगारी नोकर होती. साथ नसतानाही ती रोज शाळेत येत होती. तिला हुतात्मा होण्याची गरज पडू नये, अशी ती योजना होती.

२०२० च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात ‘विद्यागम’ योजना निघाली. शिक्षक वस्तीत जाऊन देवळाच्या आवारात, ओसरीवर, झाडाखाली मुलांचे लहान गट जमवून शिकवू लागले. कल्पना उत्तम होती. उघडी हवा आणि लहान गट, दोन्ही तिच्यात होते. पण तपासणीची आणि उपचाराची जोड तिला नव्हती. लागण झाल्याच्या बातम्या येताच ऑक्टोबरमध्ये ती थांबविली गेली. भार सारा शिक्षकाच्या खांद्यावर, आणि मागे आधार कोणाचा नाही, असे झाले. बंद शाळांची किंमत पुढे ‘असर’च्या पाहणीत दिसली. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये शेकडा २७.३ होती, २०२२ मध्ये ती २०.५ झाली. सीमाभागातील मराठी शाळेला हा घाव अधिक खोल लागतो. घराबाहेर मराठी वाचण्याची जागा बहुधा तीच असते. ती मिटली की मुलाची अक्षरओळखही मिटू लागते.

म्हणून संस्थाचालकांना माझी नम्र विनंती आहे. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही; पण आपल्या किती वर्गांच्या खिडक्या समोरासमोर आहेत, आणि त्यांतील किती उघडतात, हे उद्या सकाळी मोजता येईल. आषाढातल्या झडीत खिडकी लावून साठ मुले कोंडून बसविण्याचा शिरस्ता आहे. खिडकीवर पुरेशी झडप बसविली तर तो मोडता येईल. आठवड्यातून दोन दिवस येणारी एक परिचारिका नेमता येईल. कोणत्या विद्यार्थ्याच्या घरी आजाऱ्याला निराळे ठेवण्याइतकी जागा नाही, हे वर्गशिक्षकाच्या वहीत नोंदविता येईल. या गोष्टींना लाखो रुपये लागत नाहीत; सातत्य लागते.

शाळेचे दार कधी उघडावे, हे सरकारी आदेश ठरवितो. ते उघडल्यावर आत येणारे मूल सुखरूप राहील की नाही, हे मात्र त्या आदेशाच्या कितीतरी वर्षे आधी ठरलेले असते. ते ठरविणे आपल्या हातात आहे.