अकरावीचा फॉर्म

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या पुतणीचा मेल आला. "काका, मला डॉक्टर व्हायचंय, पण मेजर म्हणून इतिहास घेतला तर चालेल का?"

चालतं म्हणे! तिकडे मेडिकलच्या आधी साधारण चार वर्षांची पदवी. ‘प्री-मेड’ हा काही विषय नव्हे, ती नुसती तयारी. जीवशास्त्र, रसायन, भौतिक यांचे ठरावीक कोर्स प्रयोगांसह करायचे, एमकॅट द्यायची. मग मेजर इतिहास असो की संगीत. विशीपर्यंत विचार बदलायला सवड.

आमच्या जळकोटाकडे (तुळजापूरजवळचं नव्हे, उदगीरजवळचं) ही सवड कधी होती, ते आठवत बसलो. निजामाच्या काळात उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात. डॉक्टर व्हायचं तर मॅट्रिक, मग दोन वर्षांचं इंटर, आणि मग हैदराबाद. तिथे १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू, डॉक्टरकीचंसुद्धा! म्हणजे मराठी घरातल्या पोराचा खरा प्रश्न विषयाचा नव्हताच, भाषेचा होता. १९५६ साली उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात आलं, त्याच वर्षी औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं आणि पोरांची तोंडं तिकडे वळली.

मग सत्तरच्या दशकात दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला आणि सगळी निवड अकरावीच्या फॉर्मवर येऊन बसली. बायोलॉजी, गणित की दोन्ही? त्यात ‘बायफोकल’. इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० मार्कांचा विषय घ्यायचा, त्याबदल्यात दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडायचा. तो दुसरा विषय बहुतेकदा बायोलॉजी.

माझा आतेभाऊ १९८८ ला दहावी झाला. घरात फॉर्म वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या शिकलेल्या पोरानं सांगितलं, "इलेक्ट्रॉनिक्स घे, मार्क पडतात." घेतलं. बेडूक कापायचा राहिला, आणि डॉक्टरकीही. कारण त्या काळी मेडिकलचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर, तोही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या. १९९७ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनी तर अकरावी-बारावी दोन्ही वर्षं बायोलॉजी हवीच असं लिहून टाकलं. सीईटी १९९९ ला आली, पुढे नीट आली. परीक्षा बदलत गेल्या, दार तेच. पंधराव्या वर्षी टिकमार्क केलेलं. (लातूरच्या शिकवण्यांचं एवढं कौतुक होतं, पण तिथे पोचायच्या आधीच कितीक पोरं अशी गळली असतील!)

नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं कळवलं, की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी पास झालेल्यांनाही नीट देता येईल. मी आतेभावाला फोनवर बातमी वाचून दाखवली. तो एक्कावन्न वर्षांचा, टीव्ही दुरुस्तीचं दुकान.

"लेकरायचं बरं झालं," म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.