शांतीची गाडी

दिवाळीच्या उटण्याच्या वाटीशेजारी हल्ली पुष्कळ घरांत जेड दगडाचे एक चिमुकले लाटणे दिसते. गालावरून ते फिरवायचे, म्हणजे कांती उजळते म्हणे! याची कुळकथा मला मोठी मनोरंजक वाटली. चीनमध्ये याला ‘थायपिंग छे’ म्हणत. अर्थ, शांतीची गाडी. विक्रेते ते थेट सातव्या शतकात नेऊन बसवतात. बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात जपलेली लाटणी मात्र छिंग राजवटीतली, १६४४ ते १९१२ या काळातली आहेत.

उत्तम जेड सापडे दूर खोतानच्या नद्यांत. छ्येनलुंग बादशहाच्या फौजांनी १७५९ मध्ये तो मुलूख जिंकला आणि दगडांचा ओघ राजधानीकडे लागला. जेड सुरीला दाद देत नाही. कठीण वाळू पाण्यात कालवून कारागीर तो दिवसेंदिवस घाशीत. राणीवशातल्या गालांना घटकाभर गारवा मिळावा, म्हणून किती हात झिजले असतील!

आणि फळ? गार दगडाने डोळ्यांखालची सूज थोडा वेळ उतरते. सुरकुती जात नाही. लेकीसुनांनी ते खुशाल फिरवावे. पण शांतीच्या या गाडीचा दगड लढाईच्या वाटेने आला, एवढे मला विसरवत नाही.